चखणा : चांदा प्रदेशातील दारू, कोंबडी आणि पोषण यांचा इतिहास

लोकांच्या आहाराचा इतिहास लिहिताना आपले लक्ष सामान्यतः धान्याकडे जाते. कोणत्या शतकात कोणते पीक आले, दुष्काळात लोकांनी काय खाल्ले, सणाला काय रांधले, एवढे सांगितले की विषय संपला असे मानण्याची प्रथा आहे. जेवणाच्या कडेला जे खाल्ले जाते, विशेषतः मद्यपानाच्या सोबतीने जे खाल्ले जाते, त्याची गणना ना स्वयंपाकात होते ना व्यसनात. मद्यपानावर लिहिणारा पेयाविषयी लिहितो, आहारावर लिहिणारा जेवणाविषयी लिहितो, आणि मधली बशी दोघांच्याही नजरेतून निसटते. प्रस्तुत लेखात या बशीचा विचार करावयाचा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्याच्या मुलखात, दारूबरोबर खाल्ली जाणारी तिखट कोंबडी हा आपला विषय होय. तिचे पोषणमूल्य काय, हा प्रश्न वरकरणी रसायनशास्त्राचा वाटतो. परंतु शब्द, विधी, कायदा आणि बाजार यांचा पुरावा एकत्र मांडला असता असे दिसून येते की, हा प्रश्न मुख्यतः वाटणीचा आहे. कोंबडी तीच राहिली. ती कोणाच्या पानात पडते हे मात्र बदलले.

१. शब्दांचा पुरावा

आरंभ 'चखणा' या शब्दापासूनच करणे सोयीचे होईल. हा शब्द आज महाराष्ट्रात सर्वत्र समजतो, पण त्याचे रूप मराठी घडणीचे नाही. प्राकृतातील जोडव्यंजन मराठीत एकेरी होते आणि त्याच्या मागचा स्वर दीर्घ होतो. 'हत्थ'चा 'हात' आणि 'सत्त'चा 'सात' याच रीतीने झाला. त्याच नियमाने 'चक्ख' या प्राकृत धातूपासून मराठीत 'चाखणे' हे क्रियापद आले. हिंदीत मात्र 'चखना' असे ऱ्हस्व रूप रूढ आहे. 'राखणे' आणि 'रखना' ही जोडी याच प्रकारची आहे. तेव्हा 'चखणा' हे नाम मराठी 'चाखणे'पासून घडले असते तर 'चाखणा' किंवा 'चाखणे' असेच काही झाले असते. शिवाय क्रियापदाचे मूळ रूपच नाम म्हणून वापरताना मराठी ते नपुंसकलिंगी ठेवते, जसे 'खाणे', 'गाणे'. हिंदीत 'खाना', 'गाना' अशी पुल्लिंगी रूपे होतात. 'चखणा' हा पुल्लिंगी आहे. अर्थात हिंदी 'चखना' हाच शब्द 'न'चा 'ण' करून मराठीने घेतला, असे मानावयास दुहेरी आधार मिळतो.

मराठीचा स्वतःचा शब्द निराळा होता, आणि तो अधिक बोलका आहे. तो म्हणजे 'तोंडी लावणे'. भात किंवा भाकरी हे मुख्य अन्न आणि ते घशाखाली उतरावे म्हणून चटणी, भाजी, सुकी मासोळी वा मांस तोंडी लावावयाचे, अशी ही योजना. संस्कृतात याला 'उपदंश' म्हणत. पाणिनीने उप-उपसर्गपूर्वक दंश् धातूसाठी स्वतंत्र सूत्र केले असून, मुळा तोंडी लावून जेवणाऱ्याचे उदाहरण वैयाकरण देत आले आहेत. मद्याबरोबरच्या खाण्याला 'अवदंश' असा वेगळा शब्द होता आणि अमरकोशात तो मद्यविषयक शब्दांच्या मालिकेतच येतो. पुढे वैद्यकात 'उपदंश' हे एका गुह्यरोगाचे नाव झाले. आजच्या मराठी वाचकास त्या शब्दाचा तेवढाच अर्थ ठाऊक असतो आणि 'अवदंश' तर विस्मृतीतच गेला आहे. म्हणजे जेवणाची आणि मद्याची तोंडीलावणी वेगळी ओळखणारी जुनी परंपरा भाषेतून लोपली. तिच्या रिकाम्या जागी बाजारातून हिंदी शब्द येऊन बसला.

गोंडीचा पुरावा याहून जुन्या थराचा आहे. कोंबडीला गोंडीत 'कोर्' म्हणतात. तमिळ 'कोळि' आणि तेलुगू 'कोडि' यांचे हे सख्खे भावंड होय. दारूला 'कल्' हा शब्द असून तो तमिळ 'कळ्' आणि तेलुगू 'कल्लु' यांच्या कुळातला आहे. मोहासाठी 'इरुप्', 'इरुक' यांसारखी जी रूपे आढळतात त्यांचे नाते तमिळ 'इरुप्पै'शी आहे. १९६० मध्ये बरो आणि भट्टाचार्य यांनी गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी बरो व एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश आला. या दोन ग्रंथांमुळे हे नाते निर्विवाद झाले आहे. मोह, त्याची दारू आणि कोंबडी या तिन्ही वस्तूंना या मुलखात स्वतःची आणि प्राचीन नावे आहेत. उलट मराठीतील 'दारू' हा फारसी शब्द असून त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. बारमधील पदार्थांची नावे, म्हणजे 'चिली', 'सिक्स्टी-फाइव्ह', 'लॉलीपॉप', 'तंदुरी', 'मंचुरियन', यांपैकी एकही या मातीतले नाही. नावांचा हा थर ज्या क्रमाने बदलला त्याच क्रमाने खाण्याची पद्धत बदलली, हे पुढे दिसेल.

२. देवाचा वाटा

गोंड आणि माडिया समाजांत कोंबडी आणि मोहाची दारू यांची सोबत प्रथम पूजाविधीत आढळते. ग्रिग्सन यांचा बस्तरच्या माडियांवरील १९३८ चा ग्रंथ आणि फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ चा ग्रंथ हे दोन्ही आपल्या जिल्ह्यांच्या सीमेला लागून असलेल्या प्रदेशांविषयी आहेत. त्यांतील वर्णने गडचिरोलीच्या वनभागातील चालीरीतींशी मिळतीजुळती आहेत. देवापुढे तांदळाचे दाणे टाकावयाचे, कोंबडीने ते टिपले म्हणजे देवाने बळी मान्य केला असे समजावयाचे, जमिनीवर दारूची धार सोडून पूर्वजांना तिचा पहिला घोट द्यावयाचा, काळीज भाजून देवाला दाखवावयाचे आणि उरलेले मांस शिजवून जमलेल्यांनी खावयाचे, असा हा क्रम असतो. येथे दारू मांसासाठी नाही आणि मांसही दारूसाठी नाही. दोन्ही वस्तू देवाच्या नावे येतात आणि देवाकडून माणसांकडे परततात.

या विधीत खाण्याचे प्रमाण किती असे, हे पाहणे उद्बोधक आहे. गावरान कोंबडी पाचसहा महिन्यांनी जेमतेम एक-सव्वा किलोची भरते. पिसे, आतडी आणि हाडे वजा जाता तिचे मांस फार तर अर्धा किलोच्या आसपास उरते. त्याचा रस्सा करून दहा माणसांना वाढला तर एकेकाच्या वाट्याला पन्नास ग्रॅम मांस, म्हणजे साधारण दहा ग्रॅम प्रथिने येतात. हा लाभ मोठा नाही. परंतु रश्शाबरोबर भरपूर भात खाल्ला जातो, आणि काळीज, पेटा व मान या भागांचीही वाटणी होते. कोंबडीच्या काळजात दर १०० ग्रॅमला सुमारे ९ मिलिग्रॅम लोह असते आणि जीवनसत्त्व 'अ' विपुल असते. छातीच्या मांसात लोह जेमतेम असते. ज्या भागाला आज बारचा आचारी हात लावीत नाही तोच भाग विधीत देवाला प्रथम दाखविला जाई.

या जुन्या वाटणीचे रम्य चित्र रंगविण्याचे मात्र कारण नाही. कुळदेवतेच्या काही पूजांत बळीचे मांस देवस्थानापाशीच पुरुषांनी खावे आणि स्त्रियांना ते वर्ज्य असावे, असा दंडक होता. घरातील कोंबड्या बहुधा स्त्रियाच पाळीत. अंडी खाण्यापेक्षा उबविण्यासाठी ठेवीत, कोंबडी विकून मीठमिरची आणीत आणि पाहुणा आला तरच ती कापीत. कोंबडी पाळणारी आणि कोंबडी खाणारा यांच्यातील अंतर नवे नाही. तथापि कोंबडी घरच्या चुलीवर शिजत असल्यामुळे त्या अंतराला मर्यादा होती. भांड्यातल्या रश्शात मुलांचा घास निघत असे.

याच संदर्भात कोंबडबाजाराचा उल्लेख केला पाहिजे. कोंबड्याच्या पायाला काती बांधून झुंज लावण्याची ही प्रथा दोन्ही जिल्ह्यांत जुनी आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने ती गुन्हा ठरली असली तरी तिच्यावरील धाडींच्या बातम्या आजही येतात. झुंजीत हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या मालकीचा होतो. मोहाची दारू, पैज आणि कोंबड्याचे मांस येथे प्रथमच घराबाहेर, देवाबाहेर आणि केवळ पुरुषांच्या मेळ्यात एकत्र येतात. विधीकडून बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा एक टप्पा म्हणता येईल.

३. आबकारी आणि पिण्याची जागा

१७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांकडे गेले. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला. त्यानंतर मद्याच्या बाबतीत जो बदल झाला तो आहाराच्या इतिहासकाराने नीट ध्यानी घेतला पाहिजे. मोह हे या प्रदेशात आधी अन्न होते आणि मग पेय. चैत्रात गळणारी फुले वेचून, वाळवून, उकडून वा भाजून खाल्ली जात. सुकलेल्या फुलांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा वा अधिक भाग साखरेचा असतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांतातील वनवासी लोक तगले त्यांत या फुलांचा वाटा मोठा होता. घरोघरी दारू गाळणे हा या फुलांचा दुसरा उपयोग, आणि तो सणाच्या व पूजेच्या निमित्ताने होई.

आबकारीने हा दुसरा उपयोग मक्त्याचा केला. प्रथम भट्ट्यांचे लिलाव होत. पुढे ठेकेदारांच्या मध्यवर्ती भट्टीतून दुकानांना दारू पुरविण्याची पद्धत आली आणि १९१५ च्या मध्यप्रांत आबकारी कायद्याने या सर्व व्यवस्थेला एकत्र रूप दिले. घरची भट्टी हा गुन्हा झाला आणि कलालाचे दुकान हा सरकारी उत्पन्नाचा स्रोत झाला. पेय घरातून निघून दुकानात गेले, तेव्हा घरचे भांडे त्याच्याबरोबर जाऊ शकले नाही. दुकानासमोर मिळत ते फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, उकडलेली लाखोडी, सुकी मासोळी आणि झिंगे. हाच या प्रदेशातील पहिला बाजारू चखणा होय. तो स्वस्त होता आणि पोषणाच्या दृष्टीने हलकाही नव्हता, कारण हरभरा आणि सुकी मासोळी ही प्रथिनांची उत्तम साधने आहेत. परंतु एक गोष्ट येथे कायमची बदलली: खाणे आता पिणाऱ्याच्या खिशातून येऊ लागले आणि पिणाऱ्यापुरतेच राहिले.

मोह गाळताना आहारदृष्ट्या काय होते, हेही येथेच सांगणे इष्ट आहे. फुलातील साखर आंबून तिचे मद्यार्क बनते. ऊर्ध्वपातनात मद्यार्क आणि पाणी वर येते, बाकी सारे भांड्यात उरते. मद्यार्काच्या दर ग्रॅमला ७ उष्मांक मिळतात, पण त्यांच्यासोबत प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे यांपैकी काहीच येत नाही. म्हणून गाळीव दारू पिणाऱ्याच्या बाबतीत पोषणाचा सारा भार सोबतच्या खाण्यावर पडतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययाच्या प्रकरणी पिणाऱ्याच्या प्रकृतीनुसार सोबतचे अन्न कोणते असावे याचे सविस्तर विवेचन आहे. त्यामागील निरीक्षण आजच्या शरीरशास्त्राशी विसंगत नाही. पोटात प्रथिने आणि स्निग्ध अन्न असेल तर मद्यार्क जठरातून हळू पुढे सरकतो आणि रक्तातील त्याचे प्रमाण एकदम चढत नाही. चखण्याची ही उपयुक्तता खरी आहे. ती शरीराला वाचविते. घराच्या हिशेबात मात्र तिची जमा कोठेच होत नाही.

४. मिरची, रेल्वे आणि ब्रॉयलर

आजच्या चखण्याचे पहिले लक्षण तिखटपणा, आणि त्याचे साधन मिरची. ती अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली, हे सर्वश्रुत आहे. भाषेने तिला जुन्या मिऱ्याचेच नाव दिले: संस्कृत 'मरीच'पासून मराठी 'मिरे' आणि त्याच घराण्यातून 'मिरची', तेलुगूतही 'मिरियमु' म्हणजे मिरे आणि 'मिरपकाय' म्हणजे मिरची. आपल्या प्रदेशाशी तिचे नाते केवळ जिभेचे नाही. नागभीडकडच्या गावांत मिरचीचे देठ खुडण्याचे काम स्त्रिया करतात. त्याला 'सातरा' म्हणतात. दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस दोन्ही जिल्ह्यांतील मजूर कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. बशीतल्या तिखटामागे या हातांची आग आहे.

तिखटाचे शारीरिक कार्य असे की, मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णतेची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंना चेतविते. तोंड भाजल्याचा भास होतो, लाळ व घाम सुटतो आणि काहीतरी प्यावेसे वाटते. मिठाने तहान लागते ती निराळीच. बारमध्ये फुटाणे-शेंगदाणे फुकट वाढण्यामागे हाच व्यापारी विचार आहे. तिखट-खारट खाणे हे पेयाचे दलाल असते.

कोंबडी या बशीत येण्यास तीन गोष्टी कारण झाल्या. पहिली म्हणजे दळणवळण आणि उद्योग. १९२९ मध्ये काझीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग पुरा झाला आणि चांदा हा उत्तर आणि दक्षिण यांच्या हमरस्त्यावर आला. बल्लारपूरचा कागद कारखाना, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि १९८० च्या दशकात उभे राहिलेले औष्णिक वीजकेंद्र यांमुळे हिंदी व तेलुगू बोलणारा कामगार मोठ्या संख्येने येथे वस्तीला आला. रोख पगार, एकटे राहणे आणि पाळीची नोकरी यांतून खानावळ व बार यांची वाढ झाली. 'चखणा' हा हिंदी शब्द याच वस्तीतून या प्रदेशाच्या बोलीत मुरला असावा, असे त्याच्या रूपावरून म्हणता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे पदार्थांची आवक. मद्रासच्या बुहारी हॉटेलात १९६५ मध्ये निघाल्याचे सांगितले जाणारे 'चिकन सिक्स्टी-फाइव्ह' आंध्रमार्गे उत्तरेकडे सरकले. १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वँग यांनी लोकप्रिय केलेले मंचुरियन पश्चिमेकडून आले. नागपूरकडील हलबा-कोष्टी समाजाची सावजी कोंबडी त्याआधीपासून होती आणि तीही कमी तिखट नव्हे. पण सावजी हा रस्सा आहे आणि रश्शाला भात किंवा भाकरी लागते. नवे पदार्थ सुके, तळलेले आणि काडीने वा बोटाने उचलण्याजोगे होते. या फरकाला मी या विषयात मध्यवर्ती महत्त्व देतो. रश्शाला पाणी घालता येते, तळलेल्या तुकड्याला नाही. आयत्या वेळी चार माणसे वाढली तर रस्सा पुरवता येतो. तुकडा ज्याने उचलला त्याचा झाला.

तिसरी गोष्ट ब्रॉयलर. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली आणि पुढील दोन दशकांत सहा आठवड्यांत दोन किलोपर्यंत वाढणारा पक्षी देशभर पसरला. कोंबडी ही स्त्रीच्या परड्यातील ठेव न राहता पिंजऱ्यातून किलोवर विकला जाणारा माल झाली. तिचे मांसही बदलले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात कोंबडीच्या १०० ग्रॅम मांसात २५.९ ग्रॅम प्रथिने आणि अवघे ०.६ ग्रॅम स्निग्धांश नोंदविला आहे. त्याच संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकात कातडी काढलेल्या कोंबडीतही स्निग्धांश त्याच्या अनेक पट आहे आणि प्रथिने वीसबावीस ग्रॅमच्या आसपास आहेत. पृथक्करणाच्या पद्धती बदलल्या हे लक्षात घेऊनही एवढे निश्चित म्हणता येते की, दोन कोष्टकांत वर्णिलेला पक्षी एक नव्हे.

५. बशीचा हिशेब

आता बशीकडे वळू. एका बशीत हाडाविना दीडशे ग्रॅम कच्चे मांस धरले तर सुमारे ३० ग्रॅम प्रथिने मिळतात. मैदा व मक्याच्या पिठाचे आवरण आणि तळताना शोषलेले तेल यांची भर पडते. तेल केवळ १५ ग्रॅम धरले तरी त्याचेच १३५ उष्मांक होतात. मीठ, सोया सॉस आणि अजिनोमोटो मिळून दोनतीन ग्रॅम मिठाइतका क्षार सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा ५ ग्रॅम मिठाची आहे. लाल रंगासाठी कृत्रिम रंग वापरले जातात; कर्नाटक शासनाने जून २०२४ मध्ये कबाबांत त्यांचा वापर बंद केला तो याच कारणाने. वारंवार तापविलेल्या तेलाचा दोष वेगळाच.

सोबत १८० मिलिलिटर दारू घेतली आणि तिची तीव्रता ४२.८ टक्के धरली तर त्यात सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास उष्मांक असतात. यकृत प्रथम मद्यार्काचा निकाल लावते, आणि तोवर बशीतील स्निग्धांश जाळण्याचे काम मागे पडते. नित्य पिणाऱ्याच्या आतड्यांतून थायमिन आणि फोलेट यांचे शोषणही कमी होते. म्हणजे प्रथिनांच्या दृष्टीने उत्तम असलेला पदार्थ त्याच्या उपयोगाला सर्वांत प्रतिकूल अशा वेळी खाल्ला जातो.

तरीही केवळ पिणाऱ्याच्या शरीराचा हिशेब मांडून थांबणे अपुरे होईल. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. एका बशीतील ३० ग्रॅम प्रथिने म्हणजे तिच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. हे आकडे सबंध राज्याचे आहेत. वनजिल्ह्यांची स्थिती त्याहून बरी असेल अशी आशा करण्यास जागा नाही. एका मजुराच्या रोजातून बारमधील एक बशी येते तेव्हा घरातील कोणाच्या पानातून ती उचलली जाते, हा प्रश्न पोषणशास्त्राच्या कोष्टकात नाही, पण पोषणाचा खरा प्रश्न तोच आहे.

६. दारूबंदीच्या काळातील चखणा

हा प्रश्न प्रथम संशोधकांनी विचारला नाही. तो या जिल्ह्यांतील स्त्रियांनी विचारला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था तेथे १९८६ पासून काम करू लागली आणि त्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या लोकचळवळीतून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. चंद्रपुरात श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत स्त्रियांची पदयात्रा निघाली आणि १ एप्रिल २०१५ पासून तेथेही बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठविली. अवैध दारूचा सुळसुळाट, गुन्ह्यांची वाढ आणि महसुलाचे नुकसान ही कारणे त्या वेळी पुढे आली. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मारहाण, कर्ज आणि मृत्यू यांकडे बोट दाखविले. दोन्ही पक्षांचा युक्तिवाद लिटर, रुपये आणि गुन्हे या तीन मापांत चालला.

कायदा मद्यार्क जाणतो, त्याच्या सोबतचे अन्न जाणत नाही. त्यामुळे बंदीत दारू लपली तेव्हा चखणा तिच्यामागे लपला नाही. चिकनच्या गाड्या कायदेशीर राहिल्या, आणि सीमेपलीकडच्या दुकानातून आणलेली वा गावात गाळलेली दारू त्याच बशीसोबत घेतली गेली. बंदी उठल्यावर बार पुन्हा उघडले तेव्हा बशी त्यांत परत गेली. म्हणजे पेयाचे ठिकाण कायद्याने तीन वेळा बदलले, परंतु तुकड्याची मालकी एकदाही बदलली नाही. हा निष्कर्ष बंदीच्या विरुद्ध नाही आणि तिच्या बाजूचाही नाही. एवढेच की, घराच्या पानात प्रथिने परत यावयाची असतील तर ते काम केवळ परवाना देण्याने वा काढून घेण्याने होणारे नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक द्रव्यांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला दिला, आणि २०२१ मध्ये मोहफुलांच्या संकलन व साठवणुकीवरील जुने निर्बंध राज्याने उठविले. मोह पुन्हा अन्न होऊ शकेल अशी कायद्याची वाट यामुळे मोकळी झाली आहे. ती वाट कोणासाठी वापरायची, हे ठरविताना परड्यातील कोंबडीचाही विचार त्याच सभेत व्हावयास हवा.

७. समारोप

या विवेचनाचा मथितार्थ असा. चांदा प्रदेशात दारू आणि कोंबडी यांची सोबत जुनी आहे, पण चखणा जुना नाही. विधीत कोंबडी देवाची होती, घरात ती भाताची तोंडीलावणी होती, कोंबडबाजारात ती जिंकणाऱ्याची झाली आणि बारमध्ये ती पेयाची तोंडीलावणी झाली. वाक्यातील कर्म तेच राहून कर्ता बदलावा तसा हा बदल आहे. पोषणमूल्याचे कोष्टक कर्म सांगते. इतिहासाने कर्ता सांगितला पाहिजे.

या दृष्टीने दोन कामे आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखी आहेत. पहिले, गोंडी, माडिया, नाईकी आणि झाडीबोली यांतील मांसाच्या वाटणीचे शब्द, म्हणजे कोणता तुकडा कोणाचा, त्याला काय म्हणतात आणि तो कोणाला वर्ज्य, यांची गावोगाव नोंद करणे. रश्शाची जागा सुक्या तुकड्याने घेतली की हे शब्द निरुपयोगी होतात आणि एका पिढीत विसरले जातात. दुसरे, त्याच गावांत एका आठवड्यात किती मांस विकत घेतले गेले आणि ते कोठे खाल्ले गेले, याची साधी मोजणी करणे. ही दोन टिपणे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे कोंबडीने घर कधी सोडले, हे आपल्याला गावागणिक सांगता येईल.